हवामान बदलाचे शिक्षण आणि शिक्षकांची तयारी

२०२६-२७ या शैक्षणिक वर्षात इयत्ता पहिलीत दाखल होणारे सहा वर्षांचे मूल २०५० साली तिशीत असेल. भारताने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील जागतिक परिषदेत निव्वळ शून्य कर्ब उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०७० सालासाठी जाहीर केले. ते वर्ष उजाडेल तेव्हा हेच मूल पन्नाशीला पोहोचलेले असेल. हवामान बदलाविषयी आज जे अंदाज वर्तविले जातात, ते आजच्या प्रौढ पिढीपेक्षा या मुलाच्या आयुष्याशी अधिक निगडित आहेत. पीक कोणते घ्यावे, घर कोठे बांधावे, गावाचे पाणी कसे राखावे, हे निर्णय त्याला घ्यावयाचे आहेत. त्यासाठी लागणारी समज शाळेतच मिळावयास हवी, याबाबत आता फारसे दुमत राहिलेले नाही. प्रश्न आहे तो ही समज देणाऱ्या शिक्षकाच्या तयारीचा.

स्वतंत्र विषय की सर्व विषय?

पर्यावरण शिक्षणाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पर्यावरणविषयक जाणीव सर्व वयोगटांत व समाजाच्या सर्व थरांत रुजविण्याची गरज नमूद करण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा शालेय शिक्षणाचा सक्तीचा भाग असावा, असा निर्देश दिला आणि १८ डिसेंबर २००३ रोजी त्याच्या अंमलबजावणीकडे पुन्हा लक्ष वेधले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने याच्या पुढे जाऊन, पर्यावरणाचा आशय वेगळा काढण्याऐवजी निरनिराळ्या विषयांतून गुंफला जावा, अशी दिशा दाखविली.

या दोन्ही मार्गांना आपापले गुण-दोष आहेत. स्वतंत्र विषय केला, की वेळापत्रकात त्याला तासिका मिळते; परंतु तो श्रेणीपुरता आणि प्रकल्पवहीपुरता उरण्याचा धोका असतो. सर्व विषयांत तो मिसळला, तर विद्यार्थ्याला एकाच प्रश्नाच्या अनेक बाजू दिसतात. परंतु जे सर्वांचे काम, ते कोणाचेच नव्हे, अशी अवस्था होऊ शकते. विज्ञानाचे शिक्षक तो भूगोलाचा भाग समजतात, भूगोलाचे शिक्षक तो विज्ञानाचा मानतात आणि भाषेच्या शिक्षकांना त्याच्याशी आपला संबंध आहे असे वाटतच नाही.

अन्य देशांतही हाच अनुभव आहे. इटलीमध्ये नागरिकशास्त्राच्या वार्षिक ३३ तासिकांमध्ये शाश्वत विकास आणि पर्यावरण यांचा समावेश सप्टेंबर २०२० पासून करण्यात आला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०२० साली वेगळी वाट निवडली. विज्ञान व समाजशास्त्रे यांच्याबरोबरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, तंत्रज्ञान आणि परकीय भाषा या विषयांच्या अध्ययन-मानकांत तेथे हवामान बदल समाविष्ट झाला व सप्टेंबर २०२२ पासून त्यानुसार अध्यापन सुरू झाले. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. मानके ठरविल्याने काम भागत नाही, हे ओळखून त्या राज्याने शाळा व शिक्षकांच्या साहाय्यासाठी पन्नास लाख डॉलरची तरतूद केली. कागदावरचा अभ्यासक्रम वर्गात उतरविणारा दुवा शिक्षक हाच आहे, हे त्यामागील सूत्र होते.

शिक्षकांची अडचण

शिक्षकांना या विषयाची आस्था नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. युनेस्कोने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निरनिराळ्या देशांतील सुमारे ५८ हजार शिक्षकांनी भाग घेतला होता. त्यांपैकी ९५ टक्के शिक्षकांना हवामान बदल शिकविणे महत्त्वाचे वाटत होते. तथापि तो शिकविण्याचा आत्मविश्वास असलेल्यांचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी होते, आणि आपल्या भागावर होणारे त्याचे परिणाम नीट समजावून सांगता येतील असे म्हणणारे केवळ एक-तृतीयांश होते. इच्छा आहे, पण हाताशी साधन नाही, असे या आकड्यांचे सार आहे. त्यातही शेवटचा आकडा विशेष विचार करावयास लावणारा आहे. वितळणाऱ्या हिमनगांची माहिती पुस्तकात सापडते. आपल्या शिवारातील बदल मात्र पुस्तकात नसतो. तो शिक्षकाला स्वतः शोधावा लागतो.

शब्दांपासून सुरुवात

प्रशिक्षणाचा आरंभ शब्दांपासून व्हावयास हवा. मराठी शालेय भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ असा काटेकोर भेद केलेला आहे. एखाद्या ठिकाणची अल्पकाळाची वातावरणीय स्थिती म्हणजे हवा, आणि दीर्घकाळाच्या निरीक्षणांवरून काढलेली सरासरी स्थिती म्हणजे हवामान. व्यवहारात मात्र उद्या पाऊस पडेल की नाही, हे सांगणाऱ्या वृत्तालाही ‘हवामानाचा अंदाज’ म्हणतात. त्यामुळे ‘काल थंडी होती, आज ऊन आहे, म्हणजे हवामान बदलले’ असा अर्थ मुलांच्या मनात सहज रुजतो. राज्य शासनाच्या संबंधित विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हा शब्द आहे आणि वृत्तपत्रांत ‘हवामान बदल’ हा शब्द रूढ आहे. दोन्हींचा रोख एकाच प्रक्रियेकडे आहे, हेही शिक्षकाने स्पष्ट करणे इष्ट ठरते.

यानंतर येतात ते रूढ गैरसमज. ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रातून ऊन आत येते व म्हणून पृथ्वी तापते, हे स्पष्टीकरण आजही अनेक वर्गांतून दिले जाते. वस्तुतः ओझोनचा ऱ्हास आणि तापमानवाढ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सूर्यप्रकाशाने भूपृष्ठ तापते आणि ते उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने परत सोडते. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, पाण्याची वाफ इत्यादी वायू त्या उष्णतेचा काही भाग शोषून वातावरणात अडवितात. हे वायू मुळीच नसते, तर पृथ्वी गोठून गेली असती. तक्रार आहे ती त्यांच्या वाढत्या प्रमाणाबद्दल. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० हून अधिक झाले आहेत. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे सुरू केलेल्या अखंड मोजमापांतून ही वाढ वर्षानुवर्षे नोंदली गेली आहे.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा आहे. आलेला प्रत्येक पूर, पडलेला प्रत्येक दुष्काळ हवामान बदलामुळेच, असे सांगून टाकणे शास्त्राला धरून नाही. दुष्काळ आपल्याकडे पूर्वीही पडत होते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ यांच्या आठवणी महाराष्ट्राच्या इतिहासात कोरल्या गेल्या आहेत. एका घटनेवरून निष्कर्ष न काढता अनेक वर्षांच्या नोंदींचा कल पाहावा, ही सवय लावणे हेच खरे विज्ञानशिक्षण होय.

असा कल आता उपलब्ध आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापन अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पावसाचे एकूण प्रमाण सुमारे ६ टक्क्यांनी घटले. ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात विशेष जाणवली. त्याच सुमारास, १९५० ते २०१५ या काळात, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना मात्र सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकूण पाऊस थोडा कमी, पण पडतो तेव्हा कोसळतो, असे याचे स्वरूप आहे. हवा एक अंशाने तापली, की तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, या भौतिकशास्त्रातील नियमाशी त्याचा संबंध आहे.

एक प्रसंग, अनेक विषय

एवढा आशय हाती आला, की तो निरनिराळ्या विषयांत कसा न्यावा, हा प्रशिक्षणाचा पुढचा टप्पा होय. त्यासाठी दूरच्या उदाहरणांची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागविण्यासाठी सांगली जिल्ह्यातील मिरजेहून रेल्वेने पाणी नेण्यात आले. पुढे तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, त्याच सांगली जिल्ह्यात कृष्णेला महापूर आला. हा एक प्रसंग घेऊन सर्व विषयांचे शिक्षक आपापला पाठ तयार करू शकतात.

गणिताच्या तासाला पहिल्या गाडीने नेलेल्या सुमारे पाच लाख लिटर पाण्याचा हिशेब मांडता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडले. म्हणजेच एक हेक्टर शेतावर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या संपूर्ण गाडीएवढे पाणी त्या एका शेतावर पडून जाते. पाचशे हेक्टरांच्या गावावर वर्षाकाठी ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ते पाणी ३०० कोटी लिटर भरते. ‘मग ते जाते कोठे?’ हा प्रश्न येथे विद्यार्थी स्वतःच विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे: उतार, खडक, माती, पाणलोट आणि सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश.

विज्ञानात बाष्पीभवन व भूजल यांचा अभ्यास करता येईल. इतिहासाचे शिक्षक १९७२ च्या दुष्काळाचा आणि त्यातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा धागा जोडतील. त्या योजनेला कायद्याचे रूप देणारा अधिनियम १९७७ चा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वाहून जाणारी सुपीक माती आणि पाणी अडविण्याचे उपाय यांचा जो विचार मांडला, तो भाषा आणि इतिहास या दोन्ही विषयांना उपयोगी पडणारा आहे. मराठीच्या तासाला मृगापासून स्वातीपर्यंतच्या पावसाच्या नक्षत्रांविषयी गावातील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे लेखन करता येईल. पेरणीचा हंगाम पूर्वी केव्हा धरीत आणि आता केव्हा धरतात, याची त्यांच्याकडून मिळणारी माहिती हा गावाचा मोलाचा दस्तऐवज ठरेल. नागरिकशास्त्रात २००५ चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम आणि ग्रामपंचायत विकास आराखडा यांचा समावेश होईल. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी उष्माघाताची लक्षणे, पाणी पिण्याच्या वेळा आणि खेळाच्या तासिकांचे नियोजन शिकवावे. हा विषय जीविताशी संबंधित आहे.

द्विशिक्षकी शाळांमध्ये इतक्या विषयांचा मेळ कसा घालावा, अशी शंका घेतली जाते. प्रत्यक्षात तेथेच हे काम अधिक सुकर आहे. सर्व विषय एकाच शिक्षकाकडे असल्याने विषयांच्या भिंती आड येत नाहीत, आणि एकाच खोलीत बसणाऱ्या तीन इयत्तांना एकाच प्रसंगावर निरनिराळ्या पातळीचे काम देता येते. खरी अडचण माध्यमिक शाळेत आहे. तेथे विषयशिक्षकांनी वर्षारंभी एकत्र बसून कोणी काय व केव्हा शिकवावयाचे, याचा तक्ता केला पाहिजे.

इयत्तेनुसार पायऱ्या

सर्व विषयांप्रमाणेच सर्व इयत्तांचाही विचार आवश्यक आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना जगबुडीची चित्रे दाखविणे सर्वथा अनुचित होय. या वयात आकाश, ढग, ऊन, पाऊस, झाडांची पानगळ व फुलोरा यांचे निरीक्षण करावे, चित्रे काढावीत, एवढेच पुरे. तिसरी ते पाचवीत परिसर अभ्यासाच्या अनुषंगाने मोजणे सुरू व्हावे: पावसाचे, तापमानाचे, विहिरीच्या पाण्याचे. सहावी ते आठवीत हवा आणि हवामान यांतील भेद, सरासरी, आलेख आणि हरितगृह परिणाम यांचा परिचय व्हावा. नववी-दहावीत कारणे, ऊर्जेचे स्रोत, शेतीवरील परिणाम आणि उपाय यांची चर्चा व्हावी. अकरावी-बारावीत आंतरराष्ट्रीय करार, न्याय्य वाटप आणि धोरणे यांकडे वळता येईल.

न्याय्य वाटपाचा मुद्दा सर्वच शिक्षकांनी ध्यानात ठेवावयास हवा. भारताचे दरडोई कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या किंवा शेतमजुराच्या मुलाला, तापमानवाढीचा दोष आपल्या घरच्या चुलीकडे जातो, असे वाटू देणे हे सत्यालाही धरून नाही आणि शिक्षणालाही. त्याच्या वाट्याला झळ अधिक आणि जबाबदारी कमी आहे. त्याला अपराधीपणा नको, समज व सामर्थ्य हवे. भीतीने मूल गप्प होते. काम दिले की ते प्रश्न विचारू लागते. म्हणून प्रत्येक पाठाचा शेवट, परिस्थिती कितीही गंभीर असली तरी, ‘आपल्याला काय करता येईल’ या प्रश्नाने व्हावा. त्याचे उत्तर केवळ वृक्षारोपणाच्या दिवसापुरते राहू नये.

प्रशिक्षण कसे असावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, तालुक्याची साधन केंद्रे आणि केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा अशी रचना आपल्याकडे उभी आहे. ‘दीक्षा’ हे संगणकीय व्यासपीठही २०१७ पासून उपलब्ध आहे. म्हणून नवी यंत्रणा उभारण्याऐवजी आहे तिचा वापर कसा करावयाचा, याचा विचार अधिक उपयुक्त ठरेल.

प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे आणि तालुक्याकडून केंद्राकडे असे झिरपत जाते, तेव्हा प्रत्येक पायरीवर आशय पातळ होतो, हा परिचित अनुभव आहे. शेवटच्या शिक्षकापर्यंत भाषण पोहोचते; प्रयोग मध्येच गळून पडतो. यावर उपाय म्हणजे प्रशिक्षणात ऐकण्यापेक्षा करण्याला अधिक वाव देणे. शिक्षकाने स्वतः पर्जन्यमापक तयार करावा. सरळ उभ्या कडांचे व सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवून, त्यात साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजली, की पाऊस मिलिमीटरमध्ये कळतो. हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे ही नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घेता येईल. विहिरीच्या कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर दोरीने महिन्यातून एकदा मोजता येईल. महसूल मंडळ स्तरावर ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. त्यांच्या आकड्यांशी शाळेची नोंद ताडून पाहिली, तर दोन गावांतील पाऊसही किती भिन्न असतो, हे मुलांच्या लक्षात येईल.

यानंतरचा टप्पा पाठ तयार करण्याचा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयाचे चालू पाठ्यपुस्तक उघडून हवामानाशी जोडता येतील असे दोन धडे शोधावेत, त्यांचे टाचण करावे, वर्गात ते शिकवावे आणि पुढच्या शिक्षण परिषदेत विद्यार्थ्यांच्या कामासह सहकाऱ्यांपुढे मांडावे. जे फसले त्याची चर्चा व्हावी, जे साधले ते इतरांनी उचलावे. अशा रीतीने पुस्तकाचे एकही पान न वाढविता विषय वर्गात पोहोचतो. शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा भार आधीच मोठा आहे. त्यात नव्या नोंदवह्यांची व अहवालांची भर पडणार नाही, याची दक्षता अधिकाऱ्यांनी घ्यावी. अहवाल किती आले, यापेक्षा वर्गात प्रश्न किती विचारले गेले, ही कसोटी अधिक खरी आहे.

पंचायतीचा वाटा

हे काम शाळेच्या कुंपणाआड पूर्ण होणारे नाही. ग्रामपंचायतीकडे गावाचा नकाशा, विहिरींची व पाणीपुरवठ्याची माहिती आणि विकास आराखडा असतो. शाळेकडे मोजणारे हात व जिज्ञासू डोळे असतात. दीर्घ सुट्टीत पर्जन्यमापकाची नोंद खंडित होऊ नये म्हणून पंचायतीच्या कर्मचाऱ्याचे साहाय्य घेता येईल. शिक्षण हक्क कायद्यान्वये स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत पालक व स्थानिक प्रतिनिधी असतातच. त्यांच्यामार्फत विद्यार्थ्यांच्या नोंदी वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे ठेवल्या जाव्यात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरविण्याची परंपरा रुजली आहे. असा ताळेबंद मांडण्यासाठी लागणारे आकडे प्रत्येक गावची शाळा पुरवू शकेल.

पाच वर्षे सलग घेतलेल्या अशा नोंदींतून हवामान बदल सिद्ध होणार नाही. त्यासाठी अनेक दशकांची मोजमापे लागतात. परंतु त्या पाच वर्षांत जी मुले तिसरीतून आठवीत जातील, त्यांना मोजल्याशिवाय बोलू नये आणि मोजल्यावर गप्प बसू नये, ही शिस्त लागलेली असेल. त्यांच्यापैकी काही उद्याचे सरपंच, ग्रामसेवक, शेतकरी आणि शिक्षक असतील. पाण्याचा, पिकांचा आणि वस्तीचा निर्णय घेताना त्यांच्या हाती स्वतः राखलेली एक वही असेल. ती वही सुरू करून देणे हे आजच्या शिक्षकाचे काम आहे, आणि त्याला त्यासाठी सज्ज करणे हे शासन, प्रशिक्षण संस्था व पंचायती यांचे संयुक्त कर्तव्य होय.